सॉमरसेट प्लेस

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एक ऐतिहासिक मळा व त्यातील मालकाचा वाडा. राज्याच्या ईशान्य भागात, वॉशिंग्टन काउंटीतील क्रेसवेल गावाजवळ फेल्प्स सरोवराच्या काठी तो आहे. १७८५ ते १८६५ अशी ऐंशी वर्षे हा मळा गुलामांच्या श्रमावर चालला. १९३९ मध्ये पेटिग्रू राज्य उद्यानाचा भाग म्हणून त्याला सरकारी संरक्षण मिळाले आणि १९६९ पासून तो राज्याचे स्वतंत्र ऐतिहासिक स्थळ म्हणून सांभाळला जातो. उद्यान व मळा आजही एकमेकांना लागूनच असल्यामुळे बहुतेक लोक दोन्ही एकाच फेरीत पाहतात.

या जागेचा इतिहास पाण्यापासून सुरू होतो. फेल्प्स हे राज्यातील दुसऱ्या क्रमांकाचे नैसर्गिक सरोवर, क्षेत्रफळ सु. १६,६०० एकर. भोवतालच्या दलदलीपेक्षा ते उंचावर असल्याने त्याला एकही नदी मिळत नाही. ते केवळ पावसाने भरते, म्हणून पाणी उथळ पण नितळ आहे. ईडेंटन बंदरातील व्यापारी जोसाया कॉलिन्स आणि त्याचे भागीदार नॅथॅनिएल ॲलन व सॅम्युएल डिकिन्सन यांनी हा उंचीतला फरक हेरला. सरोवरापासून स्कपरनाँग नदीपर्यंत कालवा काढला, तर त्याच उतारावर दलदल सुकवता येईल, भातखाचरांत पाणी सोडता येईल, गिरण्या चालतील आणि धान्य व लाकूड नावांतून बंदराला जाईल, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबर ठरला. त्याची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली.

१७८६ मध्ये ‘कॅम्डेन’ नावाच्या जहाजातून पश्चिम आफ्रिकेतील ऐंशी माणसे थेट ईडेंटनला आणली गेली. त्यांनी आणि इतर गुलामांनी सु. दोन वर्षांत सहा मैल लांब व वीस फूट रुंद कालवा हातांनी खणला. चिखल, डास, ताप आणि अखंड कष्ट यांत अनेक जण दगावले. नंतर लिहून ठेवलेल्या एका आठवणीनुसार, रात्री ही माणसे आपल्या देशाची गाणी म्हणू लागत आणि गाता गाता भान हरपून, गाठोडी खांद्यावर टाकून, आफ्रिकेच्या दिशेने पाण्यात चालत जात. काही जण बुडाले की मगच बाकीचे भानावर येत. हा कालवा अजून आहे. येथे येणाऱ्याने वाड्यात शिरण्याआधी त्याच्या काठाने थोडे चालावे, कारण पुढे दिसणारी सारी समृद्धी त्याच्यातूनच वाहत आली आहे.

सुरुवातीचा भात पुढे मागे पडला आणि मका व गहू ही मुख्य पिके झाली. संस्थापकाचा नातू, तिसरा जोसाया कॉलिन्स, १८३० मध्ये पत्नी मेरी हिच्यासह येथे राहायला आला. चौदा खोल्यांचा लाकडी वाडा त्याच्याच काळातला. मळ्याच्या हयातीत येथे साडेआठशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून राबली; यादवी युद्धाच्या तोंडावर त्यांची संख्या तीनशेच्या वर होती. नाताळात ती ‘जॉन कूनर’ हा सण साजरा करीत. चिंध्या व शिंगे लावलेली सोंगे, ढोलकी आणि नाच घेऊन ती मालकाच्या दारात येत आणि बक्षिसी मागत. कॅरिबियन बेटांतही आढळणारी ही परंपरा दलदलीतल्या या मळ्यावर टिकून राहिली, ही साधी गोष्ट नव्हे.

युद्धात किनारपट्टी केंद्रीय सैन्याच्या हाती गेल्यावर कॉलिन्सने अनेक गुलामांना राज्याच्या आतल्या भागात हलवले. १८६३ मध्ये तो वारला. मुक्तीनंतर मजूर पांगले, मळा मोडकळीस आला आणि कुटुंबाच्या हातून गेला. १९३० नंतरच्या दशकात शेतकरी पुनर्वसनाच्या केंद्रीय योजनेत ही जमीन आली व तिथून राज्याकडे.

आरंभी जतनाचे काम वाडा आणि मालकांच्या कहाणीभोवतीच फिरत होते. वाड्यामागे दूधदुभत्याची खोली, मुदपाकखाना, शिध्याची कोठी, मांस खारवण्याची व त्याला धुरी देण्याची घरे, मालकाची मुले शिक्षकाजवळ राहत ते ‘कॉलनी हाउस’ अशा मूळ वास्तू उभ्या राहिल्या होत्या. ज्यांनी त्या चालवल्या, त्यांची घरे मात्र नाहीशी झाली होती. हे चित्र बदलण्यात सर्वांत मोठा वाटा डॉरथी स्प्रुइल रेडफर्ड यांचा. आपल्या पूर्वजांचा माग काढताना त्या सु. दहा वर्षे खरेदीखते, मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या तपासत होत्या. कॉलिन्स घराण्याने माणसांची नोंद मालमत्ता म्हणून केली होती; त्याच नोंदींतून रेडफर्ड यांनी कुटुंबे पुन्हा जुळवली. ३० ऑगस्ट १९८६ रोजी त्यांनी भरवलेल्या मेळाव्याला दोन हजारांहून अधिक वंशज आले. पुढे अनेक वर्षे या स्थळाची व्यवस्था त्यांच्याच हाती होती.

त्यानंतर उत्खननाच्या आधारे गुलामांची काही घरे आणि त्यांचा दवाखाना पुन्हा बांधण्यात आला. लुइस व ज्युडी यांचे एका खोलीचे घर आणि सकी डेव्हिस हिचे मोठे घर आता नावानिशी दाखवले जाते. वाड्यातल्या दिवाणखान्यातून निघून या एका खोलीत उभे राहिल्यावर जे कळते, ते कुठल्याही माहितीफलकावर मावत नाही. सहलीत वेळ कमी असेल तर वाड्यातले फर्निचर पाहायचे राहिले तरी चालेल, ही घरे चुकवू नयेत.

लगतच्या उद्यानाला शेजारच्या बोनार्वा मळ्यावर जन्मलेला कॉन्फेडरेट (यादवी युद्धात केंद्राविरुद्ध लढलेल्या दक्षिणी राज्यांचा) सेनापती जेम्स जॉन्स्टन पेटिग्रू याचे नाव आहे. त्याच्या घराण्याच्या दफनभूमीकडे पायवाट जाते. फेल्प्स सरोवराच्या तळाशी १९८५ पासून मूळ रहिवाशांच्या झाडाचे खोड कोरून केलेल्या तीसच्या आसपास होड्या सापडल्या असून त्यांतील सर्वांत जुनी सु. ४,४०० वर्षांपूर्वीची आहे. हिवाळ्यात सरोवरावर टुंड्रा हंसांचे मोठे थवे उतरतात. उन्हाळ्यात उकाडा आणि डास दोन्ही त्रास देतात. मळ्यावर प्रवेशशुल्क नाही. वाडा आतून पाहायचा तर मार्गदर्शकासोबत जावे लागते. बाकीचा परिसर आपापला फिरता येतो.