अर्ध्या तासाच्या कौटुंबिक फोटोसाठी येण्यापूर्वी

आमच्या स्टुडिओत कौटुंबिक फोटोसाठी अर्ध्या तासाची वेळ दिली जाते, आणि ‘एवढ्या वेळात सगळ्यांचे फोटो होतात का?’ हा प्रश्न बुकिंगच्या जवळजवळ प्रत्येक फोनवर विचारला जातो. होतात. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत आठ माणसांचे कुटुंब असले, तरी सर्वांचा एकत्रित फोटो, मुलांचे, जोडप्यांचे आणि ज्येष्ठांचे स्वतंत्र फोटो एवढे काम या वेळात घाई न करता पूर्ण होते. मात्र मंडळी तयार होऊन आलेली असावी लागतात. ज्या कुटुंबांना अर्धा तास अपुरा पडला, त्यांच्यापैकी बहुतेकांचा वेळ कपडे ठरवण्यात गेलेला असतो. म्हणून या पत्रकाचा बराचसा भाग कपड्यांविषयी आहे, आणि घाईत असलेल्या ग्राहकांनी किमान तेवढा तरी वाचावा, अशी विनंती आहे.

कपडे घरीच ठरवावेत आणि घालूनच यावे

अनेक कुटुंबे दोन-तीन पिशव्या भरून कपडे घेऊन येतात. ‘तिथे गेल्यावर बघू, ते सांगतील तसे घालू’ असा त्यामागचा विचार असतो. या विश्वासाबद्दल आम्ही आभारी आहोत, परंतु पुढे काय घडते तेही सांगितले पाहिजे. पिशव्या सोफ्यावर उघडल्या जातात. जांभळी पैठणी नेसावी की हिरवी कांजीवरम, यावर सासूबाई आणि दोन सुना यांची तीन मते पडतात. पैठणी नक्की झाली, की तिचा ब्लाउज तिसऱ्या पिशवीत आहे आणि ती पिशवी गाडीतच राहिली आहे, हे लक्षात येते. धाकट्या चिरंजीवांचा नवा कुर्ता खोक्यातून बाहेर निघतो तेव्हा त्याच्या छातीवर घड्यांची चौकट उमटलेली असते, आणि गळ्यातला पुठ्ठा व टाचण्या काढून झाल्यावर ‘इस्त्री मिळेल का?’ अशी विचारणा होते. कपडे बदलण्याची खोली एकच असल्यामुळे बाकीची मंडळी दाराबाहेर थांबतात. एवढ्यात सर्वांच्या आधी तयार केलेल्या नातवाला भूक लागते, त्याच्या हातात बिस्किट दिले जाते, आणि सगळे पडद्यासमोर उभे राहतात तेव्हा त्याच्या झब्ब्याच्या पुढच्या बाजूला बिस्किटाचा ओला लगदा लागलेला असतो.

साडी नीट नेसायला, निऱ्या आणि पदर पिनांनी पक्के करायला पंधरा मिनिटे लागतात. नऊवारीला त्याहून अधिक वेळ लागतो. फेटे बांधायचे असतील, तर बांधणारा एक आणि डोकी चार असा हिशेब होतो. याहूनही मोठे नुकसान लहान मुलांच्या उत्साहाचे होते. पाच वर्षांखालील मूल नव्या जागी आल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे कुतूहलाने भरलेले असते. मोठे लाइट, छत्र्या, पडदा हे सगळे पाहत ते आपणहून हसते, प्रश्न विचारते. हीच मिनिटे फोटोची असतात. ती आरशासमोर संपली, तर नंतर कितीही खुळखुळे वाजवले तरी चेहऱ्यावर कंटाळाच दिसतो, आणि घरी गेल्यावर ‘आमचा बंड्या एरवी किती हसतो, फोटोतच का हसला नाही?’ असे आम्हाला विचारले जाते.

याच कारणाने आमच्याकडे फोटोंचा क्रम ठरलेला आहे. प्रथम सर्व कुटुंबाचा एकत्रित फोटो, नंतर मुलांचे, मग जोडप्यांचे आणि शेवटी ज्येष्ठांचे. ‘आधी आजी-आजोबांचे घ्या, मान त्यांचा आहे’ असे काही ग्राहक सुचवतात आणि त्यांची भावना योग्यच आहे, परंतु आजोबा अर्धा तास खुर्चीत शांत बसू शकतात, नातू बसू शकत नाही. शिवाय शेवटी आल्यामुळे ज्येष्ठांचे फोटो निवांतपणे होतात, कारण तोवर मुले बाहेर गेलेली असतात.

कपडे कसे ठरवावेत

आदल्या दिवशी संध्याकाळी सर्वांचे कपडे पलंगावर एकमेकांशेजारी पसरून ठेवावेत, मोबाइलवर त्यांचा एक फोटो काढावा आणि तो आम्हाला रात्री आठपर्यंत पाठवावा. काय चालेल आणि काय बदलावे, हे आम्ही त्याच रात्री कळवतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. पाठवण्याआधी तो फोटो आपणही बोटाने अगदी लहान करून पाहावा. लहान केल्यावर जो कपडा सर्वांत आधी डोळ्यांत भरतो, तोच भिंतीवरच्या फ्रेममध्येही आधी दिसणार आहे. तो आजींच्या पैठणीचा काठ असेल तर उत्तम, जावईबापूंचा पोपटी टी-शर्ट असेल तर तो बदलणे बरे.

सुरुवात अशा कपड्यापासून करावी, जो बदलता येणार नाही. बहुधा ती आजींची किंवा आईची साडी असते. तिच्या काठातला किंवा अंगातला एखादा रंग धरून इतरांचे कपडे त्याच्या आसपासच्या फिक्या-गडद छटांत निवडावेत. सर्वांनी एकाच ताग्यातले कपडे घालावेत, ही प्रथा अलीकडे फार वाढली आहे. तिला आमची हरकत नाही, परंतु त्यामुळे चेहरे वेगळे उठून दिसण्याऐवजी कापडाचा एक सलग पट्टा दिसतो, असे आमचे मत आहे. बारीक रेघांचे किंवा बारीक चौकटींचे शर्ट मात्र कटाक्षाने टाळावेत. डोळ्यांना ते सभ्य दिसतात, पण कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील बिंदूंची बारीक जाळी आणि कापडावरील रेघा एकमेकींत गुंतून शर्टावर पाण्याच्या लाटांसारखे, कधी रंगीत, पट्टे उमटतात, आणि ते नंतर काढणे फार वेळखाऊ असते. झगझगीत पोपटी, गुलाबी किंवा केशरी रंगांवर फ्लॅशचा प्रकाश पडून तो हनुवटीखाली आणि गळ्यावर परततो, त्यामुळे चेहऱ्याला त्या रंगाची छटा येते. पांढऱ्या पडद्यासमोर पांढरे कपडे असले की खांद्यांच्या कडा विरून जातात. पांढरा झब्बाच घालायचा असेल तर आधी सांगावे, म्हणजे आम्ही करडा किंवा गडद पडदा लावून ठेवू.

नवा कपडा आदल्या दिवशी एकदा धुऊन किंवा निदान इस्त्री करून घ्यावा. खिशातला मोबाइल, पाकीट आणि गाडीची किल्ली फोटोपूर्वी काढून ठेवावी. लहान मुलांचे घट्ट मोजे घरून निघतानाच काढावेत, कारण पोटऱ्यांवर उमटलेले इलॅस्टिकचे वळ लवकर जात नाहीत आणि बाळाच्या उघड्या पायांच्या फोटोत ते स्पष्ट दिसतात.

‘फक्त एक ड्रेस बदलून पुन्हा काढता येतील का?’ असे विचारले जाते. अर्ध्या तासात आम्ही कपड्यांचा एकच संच धरतो. हा नियम काहींना कडक वाटतो, परंतु कपडे बदलले की बहुधा पडदा आणि लाइटची मांडणीही बदलावी लागते, आणि आपल्यानंतरचे कुटुंब तयार होऊन बाहेर बसलेले असते. ज्यांना पारंपरिक आणि आधुनिक असे दोन्ही फोटो हवे आहेत, त्यांनी एक तासाची वेळ घ्यावी. तिचा दर दुपटीपेक्षा कमी ठेवला आहे, आणि कपडे बदलले जात असताना ज्येष्ठांचे फोटो घेतले जातात, त्यामुळे तो वेळही फुकट जात नाही.

चेहरा, चष्मा आणि मुलांचे वेळापत्रक

केस कापायचे असल्यास चार-पाच दिवस आधी कापावेत आणि ब्लीच किंवा नवे क्रीम आदल्या दिवशी लावून पाहू नये. काही सनस्क्रीन आणि पावडरींतील पांढरे घटक फ्लॅशचा प्रकाश परत फेकतात, त्यामुळे आरशात न दिसणारा पांढुरका थर फोटोत दिसतो. उन्हात काळी होणारी काच असलेला चष्मा घरात आल्यावरही काही मिनिटे काळसर राहतो; असा चष्मा वापरणाऱ्यांनी तो उन्हातून येताना डब्यात ठेवावा, म्हणजे इथे आल्यावर थांबावे लागत नाही. चष्मा काढून फोटो काढावा का, असे पुष्कळजण विचारतात. जो माणूस रोज चष्मा लावतो त्याने तो लावूनच फोटो काढावा, काचेवरचे प्रतिबिंब कसे टाळायचे ते आम्ही पाहतो.

वेळ ठरवताना घरातल्या सर्वांत लहान मुलाची झोप विचारात घ्यावी. रविवारी संध्याकाळी सात वाजता सगळे मोकळे असतात हे खरे, परंतु दोन वर्षांचे मूल त्या वेळी रिक्षातच झोपते. परदेशातून सुट्टीला आलेल्या मुलांच्या बाबतीत पहिले चार-पाच दिवस वेळ घेऊच नये; त्यांची रात्र आणि आपली दुपार एकच असते, आणि नातवंडे पाहिल्याच्या आनंदात आजी-आजोबांच्या हे लक्षात राहत नाही. मुलांना पोटभर खाऊ घालून आणावे. जवळ ठेवण्यासाठी चुरमुरे किंवा मनुका चांगल्या; चॉकलेट टाळावे. फोटो चालू असताना मुलाला ‘इकडे बघ, हस ना!’ असे सांगण्याचे काम एकाच माणसाकडे द्यावे, आणि तो माणूस आम्ही असावा, ही विनंती. कॅमेऱ्यामागे मामा, आत्या आणि काकू तीन बाजूंनी टाळ्या वाजवू लागले, की मूल तिघांकडे आळीपाळीने पाहते आणि कॅमेरा तेवढा राहतो.

माणसे नक्की किती येणार आहेत, हे बुकिंगच्या वेळीच सांगावे. आमच्या पडद्याचा कागद ९ फूट रुंद असतो आणि त्यावर एका ओळीत पाच-सहा मोठी माणसे बसतात. त्याहून अधिक असतील तर पुढे बैठक आणि मागे ओळ अशी रचना करावी लागते, त्यासाठी खुर्च्या आणि लाइट आधीच लावून ठेवता येतात. ज्यांना जिना चढणे अवघड आहे, त्यांच्याविषयीही सांगावे. स्टुडिओ पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही.

सगळे फोटो का देत नाही

आठ जणांच्या फोटोत प्रत्येक क्लिकला कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले असतात, म्हणून एकाच रचनेचे अनेक फोटो लागोपाठ काढले जातात. त्यांतील निवडक फोटो आपण निघण्यापूर्वी आम्ही मोठ्या स्क्रीनवर दाखवतो आणि त्यांपैकी आपण पसंत केलेले १२ फोटो दुरुस्त करून देतो. ‘सगळे पेन ड्राइव्हवर द्या, आम्ही घरी निवडू’ अशी मागणी होते, परंतु अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचे आणि बोलता बोलता वाकड्या झालेल्या तोंडांचे फोटो नातेवाइकांत फिरावेत आणि त्यावर आमचे काम जोखले जावे, हे आम्हाला मान्य नाही. दुरुस्तीत मुरूम, ओरखडा, शर्टावर पडलेला केस एवढे काढले जाते. तीळ, सुरकुत्या आणि चेहऱ्याचा रंग जसा आहे तसाच ठेवला जातो. ‘जरा गोरे करून द्या’ ही विनंती आम्ही नम्रपणे नाकारतो, आणि याच कारणाने आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारी कुटुंबेही आहेत.

व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन पोहोचतो. मोबाइलवर तो चांगला दिसतो, पण त्यावरून मोठी प्रिंट काढली तर चेहरे पुसट येतात. म्हणून मूळ फाइल आम्ही लिंकद्वारे देतो. १२×१८ इंचांची एक प्रिंट पॅकेजमध्येच समाविष्ट आहे. आजी-आजोबांचा स्वतंत्र फोटो फ्रेम करून घ्यायचा असल्यास त्याच दिवशी सांगितल्यास फ्रेमवर सवलत मिळते.

वेळ घेण्याविषयी

दिवाळीपूर्वीचे दोन आठवडे आणि नाताळची सुट्टी या काळातील रविवार लवकर भरतात. गौरी विसर्जनानंतर दागिने पुन्हा लॉकरमध्ये जाण्यापूर्वी फोटो काढून घेण्याची काही घरांची पद्धत आम्हाला फार आवडते, पण त्या दिवसांत पेठांतील रस्ते संध्याकाळनंतर गाड्यांसाठी बंद असतात, म्हणून सकाळची वेळ घ्यावी. अनंत चतुर्दशीला आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओ बंद असतो. पितृपक्षात बहुतेक मंडळी फोटो काढत नाहीत; ज्यांची हरकत नसेल त्यांना त्या पंधरवड्यात हवी ती वेळ मिळते.

ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे आणि शक्यतो सर्वांनी एकत्र यावे. गल्लीत सम-विषम तारखांचे पार्किंग आहे. गाडी लावायला गेलेले काका येईपर्यंत सात माणसे थांबतात, असे होऊ नये म्हणून रिक्षाने येणे सोयीचे. कपड्यांचा फोटो ज्या क्रमांकावर बुकिंग केले त्याच क्रमांकावर पाठवावा आणि सोबत नाव व वेळ लिहावी. वेळ बदलायची असल्यास आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवावे. त्यानंतर कळवल्यास आगाऊ रक्कम परत मिळत नाही. मात्र मूल आजारी पडले असेल, तर त्याच सकाळी फोन केला तरी चालतो आणि पुढची वेळ त्याच रकमेत दिली जाते.