‘अगदी माझेच वर्णन!’ : ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचण्यांची पार्श्वभूमी

इंटरनेटवरची व्यक्तिमत्त्व चाचणी सोडवून निकाल वाचला की ‘हे तर अगदी माझेच वर्णन आहे’ असे बहुतेकांना वाटते आणि हे वाटणेच चाचणीच्या अचूकतेचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. वर्णन पटणे आणि मापन बरोबर असणे यांची ही गल्लत इंटरनेटच्याही आधीची आहे आणि आजच्या चाचण्या कोणत्या वाटेने इथवर आल्या हे पाहिल्याशिवाय ती सुटत नाही.

प्रश्नावली भरून घेऊन माणसाचे मन जोखण्याची पद्धत पहिल्या महायुद्धात आकाराला आली. तोफांच्या माऱ्याखाली मानसिकदृष्ट्या खचणारे सैनिक आघाडीवर जाण्याआधीच ओळखता यावेत, म्हणून कोलंबिया विद्यापीठातील रॉबर्ट वुडवर्थ यांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे द्यायची ११६ प्रश्नांची यादी तयार केली. ती सैन्यात मोठ्या प्रमाणावर वापरली जाण्याआधीच युद्ध संपले, पण पुढच्या अनेक प्रश्नावल्यांना तिनेच नमुना पुरवला. तुम्हाला नेहमी झोप नीट लागते का, असे विचारल्यावर समोरचा खरेच सांगेल याची हमी काय, ही तिची उणीव लवकरच ध्यानात आली. १९४३ साली मिनेसोटा विद्यापीठातून आलेल्या प्रश्नावलीत म्हणूनच खोटेपणा पकडणारी विधाने मुद्दाम पेरलेली होती, म्हणजे आपल्याला कधीच राग येत नाही असे सांगणाऱ्याची बाकीची उत्तरेही सावधपणे वाचता येत. मनोरंजनासाठी फिरणाऱ्या आजच्या चाचण्यांत ही तजवीज क्वचितच आढळते.

लोकप्रियतेचा मान मात्र वेगळ्याच परंपरेकडे गेला. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा प्रकारांची मांडणी केली, ती इंग्रजीतून वाचून कॅथरिन ब्रिग्ज भारावून गेल्या आणि त्यांची कन्या इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिची प्रश्नावली बनवली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांची चिकाटी मात्र दांडगी होती. अंतर्मुख-बहिर्मुख यांसारख्या परस्परविरोधी प्रवृत्तींच्या चार जोड्या, प्रत्येकीतून एक अक्षर आणि एकूण सोळा प्रकार, ही रचना लक्षात ठेवायला इतकी सोपी आहे की तिच्यावर आक्षेप घेणारेही स्वतःची चार अक्षरे सांगून टाकतात.

आक्षेप मूलभूत आहे. लोकांचे गुण मांडून पाहिले तर बहुसंख्य मधल्या पट्ट्यात येतात, दोन टोकांना दोन गट पडत नाहीत. तरीही चाचणी मधोमध रेघ मारून प्रत्येकाला कोणत्या तरी एका बाजूला टाकते. परीक्षेत ३४ गुणांचा अनुत्तीर्ण आणि ३५ गुणांचा उत्तीर्ण यांच्यात गुण एकाचाच फरक, तर ३५ आणि ९५ या दोघांवरही ‘उत्तीर्ण’ असाच शिक्का, तसा हा प्रकार आहे. रेघेजवळच्या माणसाने काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की त्याचे एखादे अक्षर सहज बदलते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ मधील अहवालानेही व्यवसाय-मार्गदर्शनात ही चाचणी वापरण्याइतके भक्कम संशोधन उपलब्ध नसल्याचा निर्वाळा दिला होता.

संशोधकांचा भरवसा मिळवणारी दुसरी परंपरा शब्दकोशातून निघाली. माणसांमधले महत्त्वाचे भेद भाषेत शब्दरूपाने साठलेले असतात, ही कल्पना फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ मध्ये मांडली आणि १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून असे जवळपास १८ हजार शब्द वेचून काढले. त्यांची चाळणी आणि सांख्यिकी गटवारी दोन-तीन पिढ्या चालली आणि तिच्यातून पाच घटक पुनःपुन्हा वर आले : बहिर्मुखता, सहमतीशीलता, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थैर्य आणि अनुभवांबाबतचा खुलेपणा. येथे प्रकार नसून मोजपट्ट्या आहेत, त्यामुळे पुन्हा मोजल्यावर आकडा थोडा सरकला तरी निकाल उलटत नाही. हा मूळ ढीग इंग्रजी शब्दांचा होता, हे मात्र मराठीत भाषांतरित प्रश्नावली सोडवणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे. ‘भिडस्त’ या आपल्या एका शब्दात जे सामावते, ते तिथे दोन-तीन विधानांत विखुरलेले असते.

या पट्ट्यांनाही मर्यादा आहेतच. एखाद्या विशिष्ट प्रसंगी माणूस कसा वागेल, याच्याशी चाचणीतील गुणांचा संबंध बराच क्षीण असतो, हे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले आणि त्यावरून मोठा वाद पेटला. अनेक प्रसंगांची सरासरी घेतल्यास हा संबंध बळावतो, असे उत्तर त्यावर पुढे देण्यात आले.

आता पटण्याविषयी. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती ‘त्याचे’ वर्णन ठेवले. वर्णनाच्या नेमकेपणाला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वास्तविक सर्वांना एकच मजकूर मिळाला होता आणि तो बराचसा पेपरविक्रेत्याकडे मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. ‘तुम्ही कधी मनमिळाऊ असता, तर कधी अबोल’ या वाक्याशी असहमत होणार तरी कोण? वर्णन पटण्याऐवजी भाकीत तपासायचे ठरवले की चित्र किती बदलते, हे पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत दिसले : पत्रिकेवरून हुशार आणि मतिमंद मुले वेगळी काढण्यात ज्योतिषांचे यश नाणेफेकीच्या वर गेले नाही.

इंटरनेटवर प्रकारांची आणि मोजपट्ट्यांची अशा दोन्ही परंपरा सरमिसळ होऊन आल्या. लुईस गोल्डबर्ग यांनी १९९० च्या दशकात पाच घटकांसाठीची विधाने कोणालाही फुकट वापरता येतील अशी खुली केली, त्यामुळे संकेतस्थळांना कच्चा माल मिळाला. सर्वाधिक चालणाऱ्या एका संकेतस्थळाने तर अक्षरे मायर्स-ब्रिग्ज यांची आणि मोजणी पाच घटकांच्या धर्तीवर, अशी सांगड घातली आहे. संगणकावर उत्तरे दिल्याने निकाल बिघडतो असे नाही. २००४ साली सॅम गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांनी संकेतस्थळावरील ३,६१,७०३ जणांची माहिती छापील प्रश्नावल्यांच्या ५१० प्रकाशित नमुन्यांशी ताडून पाहिली, तेव्हा निष्कर्ष बरेचसे जुळले. म्हणजे अचूकता ठरते ती विधाने कोणती आहेत आणि तुमचे गुण कोणत्या लोकसमूहाशी ताडले जात आहेत यावर. दहा विधानांच्या चाचणीकडून शंभराच्या चाचणीइतका नेमकेपणा अपेक्षितच धरता येत नाही.

चाचणी फुकट का असते, हा प्रश्न मात्र उशिरा विचारला गेला. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या केंब्रिज ॲनालिटिका (फेसबुकवरील लोकांची माहिती निवडणूक प्रचारासाठी वापरणारी कंपनी) प्रकरणाचे मूळ फेसबुकवरच्या एका व्यक्तिमत्त्व चाचणीत होते, जी सोडवणाऱ्याबरोबर त्याच्या मित्रांचीही माहिती उचलत असे. फेसबुकने दिलेल्या आकड्यांनुसार भारतात त्या चाचणीचे ॲप केवळ ३३५ जणांनी घेतले होते आणि ज्यांच्या माहितीला त्यामुळे झळ पोहोचली असण्याची शक्यता होती, अशांची संख्या ५,६२,४५५ होती.