हस्ताकारांचे लेखन (सांकेतिक भाषा)

सांकेतिक भाषेत खूण करताना हाताचा जो आकार होतो, तो ठरावीक चिन्हांनी कागदावर उतरवण्याची पद्धत. गायकाला स्वरलिपी जशी, तशी ही खुणांची लिपी.

अमेरिकन भाषाअभ्यासक विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेतली खूण तीन घटकांत फोडून दाखवली : हाताचा आकार, जागा आणि हालचाल. त्यांच्या ५५ चिन्हांपैकी १९ हस्ताकारांची होती. तळहाताची दिशा हा घटक पुढे जोडला गेला. कर्णबधिरांचे बोलणे म्हणजे नुसते हातवारे, या समजाला स्टोकी यांच्या मांडणीमुळे मोठा धक्का बसला. व्हॅलरी सटन यांनी १९७४ मध्ये डेन्मार्कमध्ये नृत्याच्या हालचाली लिहिण्याच्या आपल्या पद्धतीतून ‘साइनरायटिंग’ ही खुणांची लिपी विकसित केली. त्यात मूठ चौकोनाने दाखवतात आणि ताठ बोट त्यातून निघणाऱ्या रेघेने. खूण करणाऱ्याला स्वतःचा तळहात दिसत असेल तर आकृती कोरी, हाताची पाठ दिसत असेल तर काळी. २०१५ पासून ही चिन्हे युनिकोडमध्ये आहेत. जर्मनीतल्या हॅम्बुर्गची ‘हॅमनोसिस’ ही अशीच दुसरी लेखनपद्धत मुख्यतः संशोधकांच्या वापरातली आहे.

मराठवाड्यात या लेखनाची खरी गरज घरगुती खुणांना आहे. खेड्यात किंवा तांड्यावर वाढणारे कर्णबधिर मूल शाळेत जाईपर्यंत घरच्यांशी अशाच खुणांनी बोलते. पुढे निवासी शाळेत गावोगावच्या खुणा एकमेकींत मिसळतात आणि काही कायमच्या विसरल्या जातात. समजा, एखादे मूल भाकरी थापून दाखवते. नोंद अशी होईल : चार बोटे सरळ आणि जुळलेली, अंगठा लगत, तळहात खाली, जागा पोटासमोर, हालचाल खाली-वर आणि पुन्हा पुन्हा. जागा तीच ठेवून मूठ वळली आणि पुढे दाबली, तर ते पीठ मळणे झाले.

भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी व्हिडिओ-कोश २०२१ मध्ये १०,००० शब्दांवर गेला, हे मोठेच काम आहे. पण खूण येते आणि शब्द येत नाही, अशा मुलाला हाताच्या आकारावरून शोधता येईल अशी मांडणीही हवी. स्टोकी आणि सहकाऱ्यांचा १९६५ चा कोश इंग्रजी वर्णक्रमाने नव्हे, तर खुणांच्या घटकचिन्हांनुसार लावलेला होता.

भुवया, डोळे आणि ओठ मात्र हस्ताकाराच्या चिन्हात येत नाहीत, आणि प्रश्न किंवा नकार बऱ्याचदा तिथेच असतो. म्हणून नोंदीला व्हिडिओची जोड द्यावी आणि ती त्याच भागातल्या कर्णबधिर व्यक्तीकडून तपासून घ्यावी.