पेट्रोल सावकाश उतरतं, पण त्याला पंपवाला कारण नाही

"कच्चं तेल निम्म्यावर आलं तरी पेट्रोल तिथंच, फरक पंपवाले खिशात घालतात." हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातला राग रास्त आहे, कारण भाव चढतो झपाट्यानं आणि उतरतो रडतखडत. पण भाव पंपचालक ठरवत नाही. त्याला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं.

मग फरक जातो कुठं? गणित मांडून बघा. एका पिंपात सुमारे 159 लिटर तेल. पिंप 80 डॉलरला आणि डॉलर 80 रुपयांना धरला, तर कच्चं तेल लिटरला साधारण 40 रुपये पडतं. पिंप 40 डॉलरवर आलं की वाचतात 20 रुपये. म्हणजे शंभराचं पेट्रोल पन्नासावर येणारच नाही. शुद्धीकरण, वाहतूक, कमिशन हे खर्च तेलाबरोबर निम्मे होत नाहीत. केंद्राचं उत्पादन शुल्कही टक्क्यांत नसतं, लिटरमागे ठराविक रुपयांत असतं.

आणि ते 20 रुपयेही आपल्यापर्यंत पूर्ण पोचतील असं नाही. नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात कच्चं तेल कोसळत असताना हे शुल्क नऊ वेळा वाढवलं गेलं. स्वस्ताईचा मोठा वाटा तिथं गेला. ही खरी गोम. शिवाय तेल डॉलरमध्ये घेतलं जातं, त्यामुळे रुपया घसरला की उरलेला फायदाही आटतो.

पडताळणी सोपी आहे. तेल कंपन्या संकेतस्थळावर दिल्लीच्या दराची फोड देतात: मूळ किंमत, शुल्क, कमिशन, व्हॅट. दोन वेगळ्या महिन्यांच्या फोडी शेजारी ठेवा. कोणता आकडा हलला ते लगेच दिसतं.