जमाखर्च वेगळा, नफातोटा वेगळा

हिशेबासाठी मराठीत दोन जोडशब्द आहेत, जमाखर्च आणि नफातोटा. बोलण्यात आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. ‘धंदा कसा चाललाय?’ असं विचारलं की कुणी म्हणतो ‘गल्ला बरा आहे’, कुणी म्हणतो ‘सुटतात चार पैसे’, आणि ऐकणाऱ्याला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो. पण गल्ला ही जमाखर्चाची गोष्ट आहे: पैसा कधी आला, कधी गेला. ‘सुटतात’ ही नफ्यातोट्याची गोष्ट आहे: माल कितीला विकला आणि तो विकण्यासाठी किती खर्च झाला. त्यात पैसे हातात आलेत का, हा प्रश्नच नसतो.

धंदा बसला की लोक मंदीला, जागेला, नशिबाला नाहीतर भागीदाराला दोष देतात. कधी ते खरंही असतं. पण छोट्या धंद्यांच्या वह्या पाहिल्या तर बऱ्याचदा असं दिसतं, की मालकाने या दोनपैकी एकच हिशेब बघितला आणि दुसऱ्याने त्याला गाठलं.

आधी नफा असून पैसा नसलेला धंदा घेऊ, कारण तो मालकालाही पटत नाही. समजा कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक छोटं मशीन शॉप आहे. पंपाचे सुटे भाग करून एका मोठ्या कंपनीला द्यायचे. महिन्याला ४ लाखांची बिलं होतात. लोखंड १ लाख ४० हजार, पगार १ लाख २० हजार, वीज, भाडं आणि किरकोळ धरून आणखी ७० हजार. एकूण खर्च ३ लाख ३० हजार, म्हणजे महिन्याला ७० हजार नफा. ऐकायला उत्तम.

आता तारखा लावा. कंपनी ९० दिवसांनी पैसे देते. लोखंडवाला रोखीशिवाय गाडी सोडत नाही, कामगाराला १० तारखेला पगार हवा. आणि जीएसटी? त्याचा बिलाशी संबंध, पेमेंटशी नाही. बिल निघालं की कर देय झाला. मासिक विवरण भरणाऱ्याने तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, पार्टीने दमडी दिलेली नसली तरी. उशीर झाला तर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. म्हणजे जो कर ग्राहकाकडून घेऊन सरकारला द्यायचा, तो आपण पदरमोड करून आधी भरतो.

एप्रिल, मे, जून अशी तीन महिन्यांची बिलं गेली. कागदावरचा नफा २ लाख १० हजार. पण २० जुलैपर्यंत खर्चाचे ९ लाख ९० हजार आणि १८ टक्क्यांनी जीएसटीचे २ लाख १६ हजार (काही लोखंडाबरोबर दिलेले, उरलेले सरकारला भरलेले), असे १२ लाख ६ हजार खिशातून गेलेले असतात. जुलैचं लोखंड आणि पगार त्यात नाहीत. एप्रिलच्या बिलाचे पैसे जुलैअखेर येणार. त्याआधी कुणी बायकोचे दागिने गहाण ठेवतो, कुणी पतसंस्थेत जातो, कुणी दिवसाच्या व्याजाने पैसे उचलतो, आणि त्या व्याजातच ते ७० हजार विरघळून जातात.

खरी मेख पुढे आहे. काम चांगलं असतं म्हणून कंपनी ऑर्डर दुप्पट करते. घरी पेढे वाटले जातात. पण उधारीची मुदत तीच राहिली, तर ८ लाखांच्या बिलासाठी अडकणारे पैसेही दुप्पट. १२ लाखांची सोय करताना दमलेल्याला आता २४ लाख उभे करायचे आहेत. म्हणून कितीतरी वर्कशॉप काम नाही म्हणून नाही, तर काम वाढलं म्हणून बंद पडतात. मोठी ऑर्डर घेताना भावावर तासभर घासाघीस करणारा माणूस मुदतीबद्दल ‘बघू पुढे’ म्हणतो, हे मला कधी कळलेलं नाही. अशा वेळी दोन टक्के भाव कमी घ्यावा आणि ३० दिवसांत पैसे मागावेत, किंवा लोखंडापुरती रक्कम आगाऊ मागावी. नाहीच जमलं तर निम्मीच ऑर्डर घ्यावी. नाही म्हणणं जड जातं, पण हिशेब तेच सांगतो.

कायदा या माणसाच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी. ती फुकट होते, एजंटला हजारो रुपये द्यायची गरज नाही. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. मात्र निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे उशिराच्या पैशांचं संरक्षण मिळत नाही.

अडचण अशी, की ज्याच्याकडून पोट चालतं त्याच्यावर तक्रार कोण करणार? २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या ४३बी कलमात घातलेली भर मला म्हणूनच जास्त कामाची वाटते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या या तरतुदीने, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते. यात भांडण नाही, नोटीस नाही. ३१ मार्चला थकबाकी राहिली तर कर त्याचाच वाढतो. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि फेब्रुवारीतच खरेदीदाराच्या अकाउंट्स विभागाला थकलेल्या बिलांची यादी पाठवा. मालकाला नव्हे, अकाउंट्सवाल्याला. खरेदीदार मोठा असेल तर ट्रेड्स या बिलांच्या ऑनलाइन बाजाराचाही पर्याय आहे. तिथे त्याने मान्य केलेल्या बिलावर बँका थोडी रक्कम कापून लगेच पैसे देतात. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे.

आता उलटा धंदा, पैसा दिसतो पण नफा नाही. हा जास्त फसवा, कारण गल्ला भरलेला असताना हिशेब बघायला कुणाला सुचत नाही. समजा एक केटरर आहे. तुळशीच्या लग्नानंतर एप्रिल-मेच्या तारखा ठरायला लागतात. सहा लग्नं, प्रत्येकी ४०० पानं, पानाला ३२० रुपये. प्रत्येकाकडून ६० हजार आगाऊ. जानेवारीत हातात ३ लाख ६० हजार. घरच्यांना वाटतं, यंदा बरकत आली. टेम्पोचं डाउन पेमेंट होतं, माळ्यावर नवीन भांडी येतात.

ते पैसे त्याचे नव्हतेच. ताळेबंदात आगाऊ रक्कम देण्यांच्या बाजूला बसते. लग्न लागेपर्यंत ते वधूपित्याचं कर्जच. नफ्याकडे पाहिलं तर चित्र असं: किराणा-भाजी १८०, आचारी आणि वाढपी ७५, गॅस-वाहतूक ४०, म्हणजे पानाला २९५ खर्च आणि २५ रुपये सुटतात. भाव नोव्हेंबरात ठरला, तेल-डाळी मेपर्यंत महागल्या आणि पानाला १५ रुपये वाढले. राहिले १०. सहा लग्नांची २४०० पानं, म्हणजे २४ हजार. गोदामाचं भाडं महिना ५ हजार, सहा महिन्यांचे ३० हजार. सगळा सीझन संपून ६ हजारांचा तोटा, आणि पहाटे चारला मंडईत जाणाऱ्या मालकाची स्वतःची मजुरी त्यात धरलेलीच नाही. पुढच्या वर्षीच्या आगाऊ रकमांनी या वर्षीची देणी भागवत हा प्रकार चार-पाच वर्षं सुखाने चालतो. एखाद्या वर्षी तारखा कमी आल्या की उघडा पडतो.

किराणा दुकानात हेच रोज घडतं. विक्री रोखीने, खरेदी पंधरा दिवसांच्या उधारीवर. विक्री वाढत असते तोवर मागच्या पंधरवड्याचं छोटं बिल आजच्या मोठ्या गल्ल्यातून सहज भागतं, दुकान मार्जिनमध्ये मार खात असलं तरी. गिऱ्हाईक कमी झालं की उलटं होतं: बिल मोठ्या पंधरवड्याचं, गल्ला छोट्या पंधरवड्याचा. ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावणाऱ्या दुकानदाराला स्वतःची उधारी नेमकी किती, हे मात्र अनेकदा तोंडी सांगता येत नाही.

काही रकमा एकाच वहीत दिसतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. कर्जाच्या हप्त्यातलं फक्त व्याज हा खर्च असतो. मुद्दल नफ्यातोट्यात दिसत नाही, पण खात्यातून जातंच. घसारा, म्हणजे मशीनची दरवर्षीची झीज, बरोबर उलटा: खर्च धरायचा, पैसा मात्र मशीन घेतानाच गेलेला. कपाटात पडून राहिलेल्या साड्या विकल्या जाईपर्यंत खर्चात येत नाहीत, पैसे मात्र सुरतच्या व्यापाऱ्याकडे कधीच पोचलेले. आणि घरखर्चाची उचल! गल्ल्यातून मुलाची फी, गॅस सिलिंडर, भिशी. ती धंद्याचा खर्च नाही, म्हणून नफ्यात दिसत नाही, आणि लिहिलेली नसते म्हणून जमाखर्चातही सापडत नाही. स्वतःला ठरलेला पगार लावून घ्या आणि तो एकाच तारखेला काढा. एवढ्या एका सवयीने दोन्ही हिशेब निम्मे सुधारतात.

आणखी एक भ्रम कराच्या कागदाचा. अनेक छोटे व्यावसायिक अनुमानित कर योजनेत उलाढालीच्या ८ टक्के, डिजिटल जमेवर ६ टक्के, उत्पन्न दाखवून मोकळे होतात. सोय चांगली आहे. पण तो आकडा कायद्याने मानलेला आहे, तुमच्या धंद्याने कमावलेला नाही. ‘रिटर्नमध्ये आठ टक्के आहे की’ म्हणणाऱ्याचा खरा नफा तीन टक्के असू शकतो, किंवा वजाही.

कोणती वही कधी उघडायची, हे प्रश्नावर ठरतं. भाव काय लावू, हा माल ठेवू की बंद करू, दुसरी शाखा काढू का, याचं उत्तर नफातोटा देतो. पुढच्या १० तारखेचा पगार निघेल का, ही ऑर्डर पेलेल का, हप्ता झेपेल का, हे जमाखर्च सांगतो. पहिला हिशेब महिन्यातून एकदा पुरतो. दुसरा दर सोमवारी, आणि तोही मागचा नव्हे, पुढचा. साध्या वहीत पुढचे दहा आठवडे आखा. कोणाकडून किती येणार आणि काय-काय जाणार ते लिहा. येणाऱ्या रकमेपुढे पार्टीने सांगितलेली तारीख नको, तिने मागच्या तीन वेळा प्रत्यक्ष पैसे दिले ती सरासरी लिहा. एखाद्या आठवड्यात रक्कम वजा दिसली तर बँकेकडे आजच जा. हातात सहा आठवडे असताना सीसी लिमिट (धंद्यासाठी बँकेतून उचलता येणाऱ्या पैशांची मर्यादा) वाढवून मागणाऱ्याला मॅनेजर चहा विचारतो. चेक परत गेल्यावर तीच मागणी घेऊन गेलात, तर तो आधी तारण विचारतो.