जिनिंगचा भाव आणि बाझलची बैठक

कापसाचा हंगाम लागला की जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगच्या आवारात गाड्यांची रांग लागते. गाडी काट्यावर चढायच्या आधीच प्रश्न येतो, ‘आज भाव काय शे?’ व्यापारी मूठभर कापूस ओढून धागा बघतो, ओल बघतो, मग मोबाइलवर न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या सौद्याचा भाव, बघतो. वायदा सेंट प्रति पाउंडात, आपली रुई खंडीत. खंडी म्हणजे 356 किलो, साधारण 784 पाउंड. समजा वायदा 80 सेंट आहे, तर खंडीचे 627 डॉलर झाले. डॉलर 55 रुपयांना असेल तर साडेचौतीस हजार, 68 ला असेल तर साडेबेचाळीस हजारांच्या वर. (प्रत, सरकी, वाहतूक यांचा हिशेब वेगळा.)

55 आणि 68 हे आकडे उगाच घेतले नाहीत. मे 2013 मध्ये डॉलर 55 च्या आसपास होता. 22 मे रोजी अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के तिथल्या संसदीय समितीपुढे म्हणाले, की दरमहा चाललेली रोखेखरेदी (कर्जरोखे विकत घेऊन बाजारात पैसा सोडणं) पुढच्या काही बैठकांत कमी होऊ शकते. खरेदी अजून कमी झालीही नव्हती. पण अमेरिकेत व्याज वाढणार या नुसत्या अंदाजाने भारत, ब्राझील, इंडोनेशियातून परदेशी गुंतवणूकदारांचा पैसा परत निघाला आणि ऑगस्टअखेर डॉलर 68 वर गेला.

मग कापूसवाल्याचं भलं झालं का? अर्धंमुर्धं. त्याच घरात लग्न असतं आणि सोन्यासाठी जळगावच्या सराफ बाजाराची पायरी चढावी लागते. सोनं जवळपास सगळं बाहेरून येतं, डॉलर मोजून. त्यात सरकारने त्याच ऑगस्टमध्ये सोन्यावरचं आयात शुल्क 10 टक्क्यांवर नेलं. डिझेल आणि पोटॅश यांचंही मूळ बाहेरच.

फेडरल रिझर्व्हला कायद्याने सांभाळायची आहे ती अमेरिकेतली महागाई आणि तिथला रोजगार. शिंदखेड्याची कपाशी त्या कायद्यात कुठेच नाही. अमेरिकेचे अर्थमंत्री जॉन कॉनली यांनी 1971 मध्येच युरोपीय मंत्र्यांना तोंडावर सांगितलं होतं, की डॉलर आमचं चलन, पण डोकेदुखी तुमची.

बोलणी होत नाहीत असं नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात 1930 पासून मध्यवर्ती बँकांची बँक आहे. गव्हर्नर मंडळी तिथे दर दोन महिन्यांनी जमतात. मात्र दुसऱ्याचं नुकसान होतं म्हणून कुणी व्याजदर थांबवावा, असं बंधन तिथे नाही. आपल्या पांझरेवरच्या फड पद्धतीत पाण्याची पाळी पंच ठरवायचे. वरच्या अंगाला शेत आहे म्हणून कुणी मनाला येईल तेव्हा पाट फोडत नसे. डॉलरच्या पाटाला असे पंच नाहीत. जानेवारी 2014 मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी आंतरराष्ट्रीय सहकार्य मोडून पडल्याचं उघड सांगितलं. मला ते रास्त वाटतं. अडचणीत लागतील तेवढे डॉलर पुरवण्याचा कायमचा करार फेडरल रिझर्व्हने 2013 मध्ये केला, तो फक्त पाच मध्यवर्ती बँकांशी: कॅनडा, ब्रिटन, जपान, स्वित्झर्लंड यांच्या आणि युरोपीय मध्यवर्ती बँक.

भारताने मग आपली सोय आपणच पाहिली. 2013 च्या शेवटच्या महिन्यांत अनिवासी भारतीयांच्या ठेवी आणि बँकांची परदेशी उचल यांतून 34 अब्ज डॉलर आले. पुढे परकीय चलनाची गंगाजळी वाढवत नेली. गंमत अशी, की तिचा मोठा भाग अमेरिकी रोख्यांतच गुंतलेला असतो. 2022-23 मध्ये अमेरिकेने व्याजदर शून्याजवळून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने या गंगाजळीतले डॉलर विकून रुपयाला टेकू दिला. रुपया तेव्हाही घसरलाच, पण 2013 सारखा तीन महिन्यांत कोसळला नाही.