बंदुकीचं लायसन आणि शिकारीची परवानगी

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात जमिनीचे उतारे, रेशनकार्ड आणि काकांच्या ठासणीच्या बंदुकीचं लायसन. लायसनची ती वही हाताळून हाताळून मऊ पडली आहे. आत बंदुकीचा नंबर, नूतनीकरणाचे शिक्के, आणि कारणाच्या जागी दोनच शब्द: पीक संरक्षण. भात पोटरीत आलं आणि डुकरांनी एका रात्रीत अर्धा गुंठा लोळवला, की सकाळी बांधावर कोणीतरी म्हणतंच, "लायसन आहे की तुमच्याकडं. घाला गोळी, कोण काय विचारतंय?"

विचारतात. कारण त्या वहीत बंदुकीबद्दल सगळं लिहिलेलं आहे, डुकराबद्दल एक अक्षर नाही.

बंदुकीचं लायसन १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचं. अर्ज डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात, चौकशी पोलिसांची. पीक राखायला हा कायदा मुळात ठासणीचीच बंदूक धरून चालतो. ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच गुळगुळीत नळीची दुसरी मिळते. २०१९ च्या दुरुस्तीपासून लायसनची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षं झाली. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात नेऊन जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायची. एका वर्षी सुगी आणि आचारसंहिता एकदम आली. बंदूक ठाण्यात, डुकरं शेतात, आणि माळ्यावर काका पत्र्याचा डबा बडवत बसलेले. थोडक्यात, हे हत्यार जवळ बाळगण्याचं लायसन आहे. त्यानं कोणाला मारायचं, हा प्रश्न या कायद्याच्या पुस्तकात येतच नाही.

तो येतो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात. आमच्या म्हाताऱ्या माणसांचा घोळ होतो तो उगाच नाही. या कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने खरोखर होते: मोठ्या शिकारीचा वेगळा, लहान शिकारीचा वेगळा, फासे लावून धरणाऱ्यांचा वेगळा. १९९१ च्या दुरुस्तीनं ते सगळे गेले. त्यामुळे "आमचे आजोबा परवाना काढून शिकारीला जायचे" हे खोटं नसेलही. पण तसला परवाना आज कुठल्याच कचेरीत मिळत नाही. कोणी पैसे घेऊन 'काढून देतो' म्हणाला तर ओळखून असा.

आता उरली आहे ती कलम ११ ची परवानगी. ती राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक, आणि काही जनावरांसाठी त्यांनी नेमलेला अधिकारीही देतो, लेखी आणि कारणं नोंदवून. इथं जनावर कोणतं, यावर सगळं अवलंबून. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या जनावरांच्या दुसऱ्या यादीत आहे. त्याच्यापासून माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका असेल तर त्याला मारण्याचा आदेश निघू शकतो, आणि उभं पीकसुद्धा मालमत्तेत धरलेलं आहे. गवा पहिल्या अनुसूचीत, हत्तीही तिथंच. त्यांच्या बाबतीत पिकाचं नुकसान हे कारणच चालत नाही. माणसाच्या जिवाला धोका हवा, नाहीतर जनावर बरं न होण्याइतकं जखमी किंवा आजारी हवं. एकाच रात्री एकाच उसात गवाही शिरतो आणि डुक्करही. शेतकऱ्याच्या दृष्टीनं दोघं सारखेच चोर, कायद्याच्या दृष्टीनं दोघांत एवढा फरक. मला विचाराल तर गव्याची खूर उमटलेलं शेत पाहणाऱ्याला हा फरक पचणं अवघडच.

आणि शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. विष घालणं, फासकी लावणं, सापळा मांडणं, आमिष ठेवणं, हाका घालणं, इतकंच काय यातलं काही करण्याचा प्रयत्नसुद्धा व्याख्येत बसतो. शेत स्वतःच्या मालकीचं आहे म्हणून सूट नाही. उतारा आपल्या नावावर असतो, त्यावरून चाललेलं डुक्कर नसतं.

दोन्ही गोष्टी वेगळ्या असल्याचा सगळ्यात सोपा पुरावा आपल्याच कर्नाटक राज्यात, कोडगूत आहे. तिथल्या कोडव लोकांना आणि जम्मा (पिढीजात हक्काच्या) जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून बंदुकीच्या लायसनमधून सूट आहे. २०१९ साली केंद्रानं ती २०२९ पर्यंत वाढवली. म्हणजे बंदूक लायसनशिवाय. शिकारीची बंदी मात्र त्यांनाही तेवढीच.

आपल्याकडं घोळात भर घालतं ते भीमगड. खानापूर तालुक्यातलं हे जंगल २०११ साली अभयारण्य झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. म्हादईचा उगम इथलाच, आणि बारापेडे गुहांतली ती दुर्मीळ वटवाघळंही. अभयारण्य झाल्यावर बंदुकीच्या लायसनवरही वन्यजीव कायद्याचा हात पडतो. अभयारण्याच्या आत किंवा हद्दीपासून दहा किलोमीटरात राहणाऱ्या लायसनदारानं घोषणेपासून तीन महिन्यांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडं नाव नोंदवायचं असतं. त्याच पट्ट्यात नवं लायसन द्यायचं तर डीसींनाही आधी त्यांची संमती घ्यावी लागते. जांबोटी, कणकुंबी भागात 'अर्ज वर्षभर पडून आहे' अशी तक्रार ऐकली की मी आधी अंतर विचारतो.

शिवाय लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. हेम्मडग्यावरून अनमोडकडं जाणारा रस्ता जंगलातून जातो. त्या रस्त्यानं ये-जा करायला कोणी हरकत घेत नाही. खांद्यावर बंदूक असेल तर गोष्ट बदलते, लायसन खिशात असलं तरी.

शिक्षेतही जागा मोजली जाते. साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण शिकार अभयारण्यात झाली, किंवा जनावर पहिल्या अनुसूचीतलं निघालं, तर कैद किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड किमान पंचवीस हजार.

जनावर अंगावर आलं तर? जीव वाचवायला सद्‌हेतूनं मारलं तर गुन्हा नाही. मात्र त्या वेळी माणूस स्वतःच बेकायदा शिकारीला निघालेला असेल तर हे संरक्षण मिळत नाही, आणि मेलेलं जनावर दोन्ही वेळा सरकारचंच. मटण वाटून खाल्लं की बचावाची बाजूही त्याच पातेल्यात शिजली म्हणायची.

पीक गेलं असेल तर बंदुकीला हात लावण्याआधी फोटो काढा, वनखात्याच्या रेंज ऑफिसात कळवा, ई-परिहार या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर भरपाईचा अर्ज टाका. परिहार हा कन्नड शब्द आता आमच्या मराठी बायकाही सर्रास वापरतात. काकू म्हणते, "परिहार आला काय?" नसतो आला. म्हणून मग पुन्हा कोणीतरी बांधावर लायसनची आठवण काढतं.

तेव्हा काका वन्यजीव कायद्याचं ५१ वं कलम सांगतात, वकिलानं समजावलेलं. शिकारीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर कोर्ट बंदुकीचं लायसन रद्द करू शकतं, आणि पुढं पाच वर्षं नवं मिळत नाही. एवढं सांगून ते वही पिशवीत घालतात आणि डबा शोधायला लागतात.